मागून बसलेली गाडी : स्प्रिंग बदलायची की शॉकअप?

पावसाळा सरला की खड्ड्यांनी खिळखिळ्या झालेल्या गाड्यांबद्दलची पत्रं वाढतात. या अंकात फक्त मागच्या सस्पेंशनचे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप (शॉक अब्सॉर्बर) यांचे प्रश्न घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि प्रश्नकर्त्याच्या जागी गावाचं नाव दिलं आहे.

प्रश्न (चिपळूण) : माझी पेट्रोल एर्टिगा ७० हजार किमी चालली आहे. गेल्या वर्षी बाहेरून सीएनजी किट बसवलं. पाच माणसं आणि बॅगा घेतल्या की मागचं बूड खाली बसतं आणि गतिरोधकावर मडफ्लॅप घासतात. एका गॅरेजवाल्याने '४० टक्के कडक' स्प्रिंग सुचवली. दुसरा म्हणतो, स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबरी बफर घाला, स्वस्तात काम होईल. तिसऱ्याच्या मते गॅसचे शॉकअप टाकले की गाडी आपोआप उचलते. कोणाचं ऐकू?

उत्तर : तिघांपैकी कोणाचंही लगेच ऐकू नका. गाडी उभी असताना किती खाली बसते हे स्प्रिंग ठरवते. खाली-वर झाल्यावर ती किती लवकर शांत होते हे शॉकअप ठरवतो. मडफ्लॅप घासणं हा स्प्रिंगचा प्रश्न आहे. गॅसच्या शॉकअपमधल्या नायट्रोजनच्या दाबाने गाडी जेमतेम काही मिमी वर येते, तेवढ्याने तुमचं भागणार नाही.

पैसे खर्च करण्याआधी मोजमाप करा. सपाट फरशीवर गाडी उभी करा आणि टायरमध्ये ठरलेली हवा भरा. चारही चाकांच्या मध्यापासून वर फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मिमीमध्ये लिहून घ्या. मग सिमेंटच्या ५० किलोच्या दोन गोण्या मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर येतील अशा ठेवा. गाडी दोनदा हाताने दाबून सोडा, म्हणजे बुशांमध्ये (सांध्यांतल्या रबरी नळ्यांमध्ये) अडकलेला ताण सुटतो, आणि मागची उंची पुन्हा मोजा.

समजा १०० किलोला गाडी २२ मिमी खाली आली. म्हणजे मागच्या दोन्ही स्प्रिंगा मिळून दर मिमीला साधारण ४.५ किलो पेलतात. सीएनजीची ६० लिटर मापाची पोलादी टाकी, तिची चौकट आणि आतला गॅस मिळून साधारण ७५ ते ८० किलो होतात. टाकी अ‍ॅक्सलच्या मागे असेल तर तरफेमुळे मागच्या चाकांवर त्याहून थोडा जास्तच भार येतो. ८० किलो धरले तरी गाडी कायमची १८ मिमी खाली गेली. माणसं आणि बॅगा त्यानंतर येतात.

आता स्प्रिंग किती कडक हवी ते पाहू. टाकीच्या आधी मागच्या स्प्रिंगांवर ६०० किलो भार होता असं धरा. वरच्या हिशेबाने तेव्हा स्प्रिंग १३२ मिमी दबलेली होती. ८० किलो वाढले म्हणजे भार १३ टक्क्यांनी वाढला. म्हणून मूळ लांबीचीच, पण १३ ते १५ टक्के कडक स्प्रिंग टाकीसकट गाडीला जुन्या उंचीवर आणते. त्याच लांबीची ४० टक्के कडक स्प्रिंग घातली तर ६८० किलोखाली ती फक्त १०७ मिमी दबेल. म्हणजे टाकी असूनही बूड मूळ उंचीपेक्षा २५ मिमी वर राहील, एकटे असताना रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर मागची चाकं आपटतील आणि ओल्या वळणावर मागची पकड आधी सुटेल. तुमचे आकडे वेगळे येतील, पण पद्धत हीच वापरा.

हा '४० टक्के' बहुतेकदा येतो कुठून, तेही सांगतो. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. वेढ्यांची संख्या आणि व्यास तोच ठेवून १२ मिमीऐवजी १३ मिमीची तार घेतली की स्प्रिंग ३८ टक्के कडक होते. 'तार फक्त एक मिमी जाड आहे' हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण ते किरकोळ नाही. १४ टक्के वाढीसाठी १२ ची १२.४ मिमी पुरते. त्यामुळे स्प्रिंग घेताना व्हर्निअर (जाडी मोजायची पट्टी) घेऊन जा. तारेची जाडी, मोकळी लांबी आणि वेढे, तिन्ही मोजा आणि जुन्या स्प्रिंगशी ताडून पाहा.

त्याही आधी एक सोपी वाट तपासा. एर्टिगा कंपनीकडून सीएनजीतही येते. डीलरच्या पार्ट्स काउंटरवर चासी नंबर द्या आणि पेट्रोल व सीएनजी प्रकाराच्या मागच्या स्प्रिंगचा पार्ट नंबर वेगळा आहे का ते विचारा. वेगळा निघाला तर तीच स्प्रिंग पहिली निवड. एवढ्या किलोमीटरनंतर जुनी स्प्रिंग थोडी बसलेलीही असू शकते. नवी शेजारी उभी केली की फरक डोळ्यांना दिसतो.

वेढ्यांतले रबरी बफर आम्ही सुचवत नाही. बफर जिथे बसतो तिथला वेढा जवळजवळ काम करायचा थांबतो. कामाचे पाच वेढे असतील आणि एक अडला तर चार उरतात, म्हणजे स्प्रिंग २५ टक्के कडक होते. पूर्वी पाच वेढे वाटून घेत होते ती सगळी हालचाल आता चारांवर पडते. शिवाय बफरच्या कडेला माती आणि पाणी अडकतं, रंग घासला जातो, गंज धरतो आणि नेमकी तिथूनच स्प्रिंग तुटते. कोकणच्या पावसात हे आणखी लवकर होतं.

पाच माणसं आणि बॅगा हा भार वर्षातून मोजक्या वेळा येतो. त्याच्यासाठी रोजची गाडी कडक करू नका. स्प्रिंग कायमच्या भारावर निवडा. सणासुदीच्या भारासाठी स्प्रिंगच्या आत बसणारी हवेची रबरी पिशवी मिळते, निघण्याआधी तिच्यात हवा भरायची आणि परत आल्यावर कमी करायची. रिकाम्या गाडीतही पिशवीत ५ पीएसआय हवा राहू द्या, नाहीतर ती घडी पडून फाटते. डाव्या-उजव्या पिशवीच्या नळ्या वेगळ्या ठेवा. एकत्र जोडल्या तर वळणावर दाबलेल्या बाजूची हवा दुसरीकडे पळते आणि गाडी जास्त कलते.

राहिले शॉकअप. स्प्रिंगचा कडकपणा आणि भार दोन्ही १३ टक्क्यांनी वाढले तर शॉकअपचा रोधही साधारण तेवढाच वाढायला हवा. ७० हजार चाललेला शॉकअप आधीच ढिला झालेला असतो, त्यामुळे कंपनीच्या मापाची नवी जोडी बसवली तरी फरक लगेच जाणवेल. गॅब्रिएल, मन्रो, कायबा यांपैकी तुमच्या गाडीसाठी जो पार्ट नंबर मिळेल तो घ्या. ४० टक्के कडक स्प्रिंगला मात्र सुमारे पाव पट जास्त रोध लागतो आणि साधा शॉकअप ती आवरू शकत नाही. 'कडक स्प्रिंग टाकल्यापासून गाडी मागून उडते' ही तक्रार येते ती त्यामुळेच.

प्रश्न (नाशिक) : नव्या स्प्रिंगा आणि शॉकअप आणून ठेवले आहेत. गाडी हॅचबॅक आहे, मागे टॉर्शन बीम (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारी आडवी तुळई) आहे. गॅरेजमध्ये स्वतः उभं राहून काम करून घ्यायचं आहे. नेमकं कशाकडे लक्ष ठेवू?

उत्तर : उभं राहणार आहात हे फार चांगलं. दोन तासांच्या या कामात चार-पाच जागी घाई होते आणि पुढच्या सगळ्या तक्रारी तिथूनच निघतात.

आधी सुरक्षितता. हँडब्रेक मागच्या चाकांवर काम करतो, त्यामुळे मागची चाकं उचलली की तो गाडी धरून ठेवत नाही. पुढच्या चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावा आणि गिअर टाकून ठेवा. गाडी जॅकवर नको, बॉडीच्या ठरलेल्या जागी लोखंडी घोड्यांवर उभी असली पाहिजे. दुसरा जॅक बीमखाली, नुसता टेकवलेला. तो बीम सावरून धरतो.

शॉकअपचा वरचा नट काही गाड्यांत डिकीतल्या प्लास्टिकच्या पॅनेलखाली असतो, काहींत चाकाच्या कमानीत. नट सोडताना दांडा सोबत फिरतो, म्हणून दांड्याच्या टोकाला असलेल्या चपट्या भागाला पाना लावून तो धरतात. इथे मिस्त्रीने दांडा पकडीने धरला तर तिथल्या तिथे थांबवा. चकचकीत दांड्यावर नखाएवढा ओरखडा पडला तरी प्रत्येक हालचालीत तो सील कापत राहतो आणि काही आठवड्यांत तेल गळतं. जुना शॉकअप भंगारात जाणार आहे, त्याचं चालेल. नव्याच्या बाबतीत अजिबात नाही.

दोन्ही बाजूंचे खालचे बोल्ट निघाले की बीम जॅकने हळूहळू खाली घ्यायचा. या वेळी नजर ब्रेकच्या रबरी होजवर आणि एबीएसच्या वायरवर हवी. होज ताणला गेला तर वरून काही दिसत नाही, आत मात्र तो चिरतो. बीम पुरेसा खाली आला की या प्रकारात स्प्रिंग बहुतेकदा हातानेच निघते, स्प्रिंग दाबून धरायचा शिकंजा लागत नाही. निघत नसेल तर पहारीने उचकू नका, होजचा कंस सोडून बीम आणखी खाली घ्या.

स्प्रिंगच्या खालच्या-वरच्या रबरी बैठका चिरल्या असतील तर नव्या घ्या, त्या महाग नसतात. नवी स्प्रिंग बसवताना तारेचं टोक बैठकीतल्या पायरीला टेकलं पाहिजे. टोक पायरीवर चढलेलं राहिलं तर त्या बाजूची उंची वेगळी येते आणि पहिल्याच खड्ड्यात स्प्रिंग 'टण' करून फिरते. कुठला भाग वर आणि कुठला खाली हेही बघा. दोन्हीकडे वेढ्यांचं अंतर वेगळं असलेल्या स्प्रिंगा उलट्याही बसतात. त्यावरचा छाप सरळ वाचता आला पाहिजे.

शॉकअप दोन नळ्यांचा असेल तर बसवण्याआधी तो उभा धरून पूर्ण दाबायचा आणि पूर्ण ताणायचा, असं चार-पाच वेळा. दुकानात आडवा पडून राहिल्याने आतल्या नळीत हवा शिरलेली असते. ती न काढता बसवला तर सुरुवातीला तो पोकळ चालतो आणि माल खराब निघाल्यासारखं वाटतं. एका नळीच्या, जास्त दाबाच्या गॅस शॉकअपला याची गरज नसते. बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबू नये म्हणून असलेलं रबर) आणि धुळीचं आवरण जुनंच चढवत असतील तर हातात घेऊन बघा. बंप स्टॉप बोटाने चुरला जात असेल तर नवा हवाच, कारण तो नसेल तर मोठ्या खड्ड्यात शॉकअप स्वतःच तळाला आपटतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. शॉकअपचा खालचा बोल्ट चाकं लटकत असताना फक्त हाताने बसवून ठेवायचा. शेवटचा घट्ट पिळा गाडीचं पूर्ण वजन चाकांवर आल्यानंतरच. खालच्या बुशचं रबर त्याच्या लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं. चाक लटकलेल्या स्थितीत बोल्ट आवळला की नळी तिथेच जखडते आणि गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं. काही महिन्यांत ते फाटतं आणि खडखड सुरू होते. गॅरेजच्या खोदलेल्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर काम असेल तर हे सहज जमतं. तसं नसेल तर बीमखालच्या जॅकने चाक आधी (चिपळूणच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे) लिहून ठेवलेल्या उंचीपर्यंत उचलून मग आवळायचं. किती आवळायचं तो आकडा तुमच्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेतून घ्या आणि टॉर्क पानाच वापरायला सांगा.

काम झाल्यावर चारही उंच्या पुन्हा मोजा. मागच्या डाव्या-उजव्यात ५ मिमीहून जास्त फरक असेल तर एखादी स्प्रिंग बैठकीत नीट बसलेली नाही असं समजून आधी तेच तपासा. हेडलाइटचा झोत सेट करून घ्या, मागून उचललेल्या गाडीचा झोत रस्त्यावर जवळ पडतो. सगळे बोल्ट ५०० किमीनंतर पुन्हा तपासा.

प्रश्न (कराड) : बोलेरोत खताच्या गोण्या आणि भाजीची क्रेट नेतो. मागच्या कमानीत (पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये) एक पाटा वाढवून घेतला. भरलेली गाडी आता छान उभी राहते, पण रिकामी फार उडते आणि आठ महिन्यांत मागचे शॉकअप दोनदा गेले. शॉकअप हलक्या दर्जाचे आहेत का?

उत्तर : दोष शॉकअपच्या दर्जाचा नसावा, त्याची लांबी आता अपुरी पडते आहे. पाटा वाढवल्यावर रिकामी गाडी उंच उभी राहते. म्हणजे शॉकअप उभ्या गाडीतच बराच ताणलेला असतो. चाक खड्ड्यात उतरलं की तो पूर्ण ताणून संपतो आणि अ‍ॅक्सलचं सगळं वजन शॉकअपच्या दांड्याला लोंबकळतं. शॉकअप त्यासाठी बनवलेला नसतो. आतला पिस्टन तरी सुटतो किंवा टोकाचा डोळा (बोल्ट जाणारी कडी) तरी फाटतो.

खात्री करून घ्या. गाडी चासीखाली घोड्यांवर घेऊन मागची चाकं पूर्ण लटकू द्या आणि शॉकअपचा खालचा बोल्ट काढा. कमान पूर्ण खाली लटकलेली असताना शॉकअपमध्ये अजून १५ ते २० मिमी ताणायची जागा शिल्लक असायला हवी. मग उलट तपासणी. अ‍ॅक्सल वर उचलून जंपिंगचं रबर (बंप स्टॉप) निम्मं दाबा, तेव्हाही दबायला तेवढीच जागा उरली पाहिजे. या दोन मापांवर शॉकअप निवडायचा. दुकानदाराला गाडीचं नाव सांगण्याऐवजी बंद लांबी, उघडी लांबी आणि टोकांचा प्रकार सांगा.

रिकामी गाडी उडते याचं कारण पाट्याच्या प्रकारात आहे. पूर्ण लांबीचा पाटा मुख्य पाट्याखाली घातला तर तो पहिल्या मिमीपासून काम करतो, भार असो वा नसो. तुम्हाला हवा तो मदतीचा पाटा, म्हणजे आखूड, जाड, जवळजवळ सरळ आणि सगळ्यात खाली. रिकाम्या गाडीत त्याची टोकं वरच्या पाट्यापासून सुटी राहतात आणि गोण्या चढल्या की तो टेकतो. तुमच्या गावात कमानीचं काम करणारे जुने कारागीर असतील तर ते हे नेमकं जाणतात. त्यांना भरलेली आणि रिकामी, दोन्ही उंच्या सांगा.

जुन्या पाट्यांना ठोकून पुन्हा कमान मारून देणारेही भेटतील. थंड ठोकलेला पाटा काही महिन्यांत परत बसतो, आणि गॅसच्या ज्योतीने तापवून वाकवलेल्याचं पाणी (पोलादाला दिलेला कडकपणा) उतरतं आणि तो तुटतो. भट्टीत नीट तापवून, तेलात विझवून पुन्हा मऊ करण्याची सोय असेल तरच त्या वाटेने जा.

कमान खोलली होती तेव्हा यू-बोल्ट (कमान जागेवर आवळून धरणारे बोल्ट) नवे घातले होते का? जुने परत वापरायचे नसतात. आवळल्यावर ते ताणले जातात आणि दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाहीत. यू-बोल्ट ढिला झाला की अ‍ॅक्सल पुढे-मागे सरकायला लागतो आणि सगळा मार पाट्यांच्या मधोमध असलेल्या एकट्या सेंटर बोल्टवर येतो. तो तुटला तर अ‍ॅक्सल वाकडा होतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरपी चालते. यू-बोल्ट नेहमी तिरप्या क्रमाने, थोडे थोडे आवळायचे. मग १०० किमीनंतर आणि पुन्हा ५०० किमीनंतर आवळायचे. हे दोन आवळे चुकवू नका. शॅकलकडेही (कमानीचं टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या कडीकडेही) बघा. रिकाम्या गाडीत तो थोडा तिरपा हवा. पाटा वाढवल्यावर तो उलटीकडे झुकला असेल तर कमान लांब व्हायला जागाच उरत नाही आणि बुश चेचले जातात.

आणखी एक गोष्ट जिवाशी निगडित आहे. अनेक मालवाहू आणि जुन्या एसयूव्ही गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलला एक छोटा दांडा असतो, तो चासीवरच्या ब्रेकच्या व्हॉल्व्हला जोडलेला असतो. मागची उंची पाहून तो मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. गाडी उंच झाली की त्याला ती रिकामी वाटते आणि भरलेल्या गाडीतही तो मागे कमी ब्रेक देतो. सगळं वजन पुढच्या ब्रेकवर येतं आणि घाट उतरताना ते तापतात. तुमच्या गाडीला हा दांडा असेल तर पाटा वाढवल्यावर त्याची सेटिंग पुस्तिकेप्रमाणे बदलून घेतलीच पाहिजे.

आणि कमान कितीही मजबूत केली तरी आरसी बुकावरचं एकूण वजन वाढत नाही. अ‍ॅक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक तेच राहिलेले असतात.

प्रश्न (पुणे) : जिम्नी ४० मिमी उंच करायची आहे. मागे लोखंडी बंपर आणि छतावर तंबू येणार आहे. किट कसं निवडू?

उत्तर : आधी सामान बसवा, वजन मोजा, मग स्प्रिंग घ्या. ओल्ड मॅन एमूसारखे सस्पेंशन किट बनवणारे एकाच गाडीसाठी हलक्या, मध्यम आणि जड भाराच्या वेगवेगळ्या स्प्रिंगा देतात आणि हा भार कायमचा धरलेला असतो. तंबू फक्त दिवाळीच्या सुट्टीत चढणार असेल तर तो हिशेबात धरू नका. जड स्प्रिंग घेऊन रोज रिकामी गाडी चालवली तर ४० ऐवजी ५५ मिमी उंची मिळेल आणि पाठीचे हाल होतील.

जिम्नीच्या मागे अखंड अ‍ॅक्सल आहे आणि तो आडवा सरकू नये म्हणून एक तिरपा दांडा आहे. त्याचं एक टोक चासीला, दुसरं अ‍ॅक्सलला. गाडी उचलली की दांडा जास्त तिरपा होतो आणि अ‍ॅक्सल काही मिमी एका बाजूला ओढला जातो. दोन्ही मागची चाकं फेंडरपासून किती आत आहेत ते ओळंब्याने मोजा. फरक ५ मिमीच्या पुढे गेला तर लांबी बदलता येणारा दांडा लावून घ्या. पुढेही अखंड अ‍ॅक्सल आहे. तिथे उंची वाढली की कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे असलेला कल) कमी होतो आणि वेगात स्टिअरिंग भिरभिरतं. म्हणून कॅस्टर सुधारणारे बुश किटमध्ये आहेत की नाहीत ते विचारा. ब्रेकचा होज एक चाक पूर्ण लटकलेलं असताना ताणला जातो का, आणि त्याच स्थितीत स्प्रिंग बैठकीतून सुटते का, या दोन गोष्टी गॅरेज सोडण्याआधी स्वतः वाकून बघा.

प्रश्न (ठाणे) : युरोपीय सेडानसाठी बिलस्टीन कंपनीच्या शॉकअपचे बी४, बी६ आणि बी८ असे प्रकार दिसतात. स्प्रिंग मूळचीच ठेवायची आहे. बी८ सगळ्यात चांगले ना?

उत्तर : आकडा मोठा म्हणजे माल चांगला, असं नाही. बी४ हा मूळच्या शॉकअपच्या जागी, जवळपास मूळच्याच स्वभावाचा. बी६ मूळ उंचीसाठीच, पण बराच कडक. बी८ आखूड असतो, तो खाली बसवणाऱ्या स्प्रिंगांसाठी आहे. मूळ स्प्रिंगवर बी८ लावला तर चाक खाली उतरताना तो लवकर संपतो आणि खड्ड्यात मागून 'धप्' असा आवाज येतो. घोडबंदर रोडवरच्या रोजच्या प्रवासाला बी४ पुरे. वेगात महामार्ग आणि घाट जास्त असतील तर बी६. अनेक युरोपीय गाड्या भारतात किंचित उंच करून विकल्या जातात, म्हणून परदेशातून मागवताना नुसतं मॉडेल आणि वर्ष बघू नका. तुमच्या मूळ शॉकअपवरचा पार्ट नंबर आणि दोन्ही लांब्या जुळवा.

प्रश्न (कोल्हापूर) : मागून गाडी थोडी खाली हवी आहे. स्प्रिंगचा एक वेढा कापला तर चालेल का?

उत्तर : नाही. आठ वेढ्यांतला एक गेला की स्प्रिंग १४ टक्के कडक होते, कापलेलं टोक बैठकीत बसत नाही आणि चाक लटकलं की आखूड झालेली स्प्रिंग जागेवरून निसटते. ग्राइंडरऐवजी गॅसने कापली तर शेजारच्या वेढ्याचं पाणीही उतरतं. खाली बसवणारी तयार स्प्रिंग घ्या, ३० मिमीच्या आतली, आणि तिच्यासोबत आखूड शॉकअप.

प्रश्न (रत्नागिरी) : मागच्या शॉकअपवर तेलकट थर दिसतो. गॅरेजमध्ये लगेच चारही बदला म्हणाले. खरंच गरज आहे का?

उत्तर : वरच्या अर्ध्या भागावर धूळ चिकटलेला पातळ थर असेल तर ती सीलमधून येणारी नेहमीची ओल आहे. फडक्याने पुसा, २०० किमी चालवा आणि परत बघा. तेलाचा ओघळ खालच्या डोळ्यापर्यंत आला असेल तर शॉकअप गेला. त्या अ‍ॅक्सलचे दोन्ही बदला, एकटा एक बदलू नका. पुढचे ठीक असतील तर त्यांना हात लावायची गरज नाही.

बूड हाताने दाबून सोडायची परीक्षा पूर्ण मेलेला शॉकअप दाखवते, अर्धा गेलेला दाखवत नाही. त्यासाठी टायरवर तळहात फिरवा. चढ-उतार, चढ-उतार अशा लाटा लागल्या तर चाक रस्त्यावर नाचतं आहे. समुद्राकाठी राहता म्हणून स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढाही धुऊन बघा. चिखल तिथेच साचतो. रंगाचा टवका, त्याखाली गंजाचा खड्डा आणि मग तडा, या क्रमाने स्प्रिंग तुटते, आणि तुटलेलं टोक टायरला फाडू शकतं.

प्रश्न (नागपूर) : असे बदल कायद्यात बसतात का? विमा मिळेल का?

उत्तर : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं आहे. त्याच मापाचे, त्याच उंचीचे दुसऱ्या कंपनीचे शॉकअप आणि स्प्रिंग बसवणं ही दुरुस्ती आहे. गाडी उंच करणं, मोठे टायर लावणं हा वेगळा विषय आहे, त्याआधी आरटीओत विचारा. सीएनजीची नोंद आरसीवर हवीच. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. पार्ट नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्या. नकली मालाच्या तक्रारीतही तेच उपयोगी पडतं.

प्रश्न (सोलापूर) : नवे शॉकअप बसवल्यापासून छोट्या खडबडीवर मागून टक-टक आवाज येतो. मोठ्या खड्ड्यात येत नाही. स्प्रिंग जुन्याच आहेत.

उत्तर : लहान हालचालीत येणारा आवाज बहुधा वरच्या माउंटिंगचा असतो. तिथे वॉशर, रबर, नळी, रबर, वॉशर असा ठरलेला क्रम असतो. नळी विसरली किंवा कपासारखा वॉशर उलटा बसला तर नट घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण रबर दाबलं जात नाही आणि दांडा भोकात आपटत राहतो. डिकीतलं पॅनेल काढा. एकाला गाडी हलकेच दाबायला सांगा आणि तुम्ही दांड्याच्या टोकावर बोट ठेवा. टक्क बोटाला जाणवली तर माउंटिंग खोलून जुन्या भागांशेजारी क्रम लावून पाहा. तिथे काही नसेल तर खालचा बोल्ट ढिला करा, गाडी चाकांवर उभी असताना पुन्हा आवळा आणि त्याच रस्त्यावरून फिरवून आणा.